ग्राहकाला कळवू नये

कोल्हापूर,
६ सप्टेंबर २००९

ती. अक्का,
शरणार्थ.

तुझं पत्र आणि काजूची पिशवी, दोन्ही पोचलं. आजऱ्याहून टेम्पो घेऊन येणारा आकाराम थेट बँकेत आला, पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चेअरमनसाहेब, आक्कांनी वजन करून घ्या म्हणून सांगितलंय. वाटंत मी थोडं खाल्लंय, ते आधीच कबूल करतो." थोडे म्हणजे बरेच असावेत. दाजींचा पाय आता जमिनीला टेकतो, हे वाचून बरं वाटलं.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडायची लाज वाटते. माइक बंद पडला तरी मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माणूस मी, पण बहिणीशी ओरडून बोलणं जमत नाही. म्हणून आपलं हे पत्रच बरं.

गणपती गेले. दोन दिवस झाले तरी ढोल कानातून जात नाहीत.

मी एवढा कशात अडकलोय, असं तू विचारलंस. सोपं करून सांगतो. आपल्या देशाची एक परीक्षा आहे. बऱ्याच देशांनी मिळून एक मंडळ केलं आहे. लाचेचा, फसवणुकीचा पैसा बँकेतून फिरवून स्वच्छ करून घेता येतो का, आणि त्यातला काही बॉम्ब लावणाऱ्यांच्या हाती लागतो का, हे एखादा देश कसा अडवतो ते दुसऱ्या देशांची माणसं येऊन तपासतात. यंदा थंडीत ती आपल्याकडं येणार. नापास झालो तर बाहेरचं जग आपल्या बँकांशी व्यवहार करताना दहा वेळा विचार करणार.

त्याआधी आपलीच माणसं रंगीत तालीम घेत गावोगाव फिरताहेत. गेल्या महिन्यात मुंबईहून एक अधिकारी आले. आमच्यासारख्या लहान सहकारी बँकांचे चेअरमन, मॅनेजर सगळे एका हॉलमध्ये बसवले. कुठल्या बँकेनं संशयास्पद व्यवहार कळवले ते पडद्यावर दाखवलं. आपल्या बँकेपुढं शून्य. कायदा लागू झाल्यापासून शून्य. ते मला म्हणाले, "शेटेसाहेब, कोल्हापुरात सगळे संतच राहतात काय?"

हॉल हसला. मग मी उठलो. मी उठलो की काय होतं ते तुला माहीत आहे. म्हटलं, आमचे खातेदार म्हणजे भाजीवाल्या, हमाल, गुऱ्हाळावरचे गुळवे. ही बँक आमच्या वडिलांच्या पिढीनं सावकाराच्या ओट्यावरून लोकांना उठवण्यासाठी काढली. पैसा काळा होतो वरच्या मजल्यावर आणि तुम्ही झाडू देता तळमजल्यावरच्या माणसाच्या हातात. टाळ्या पडल्या. ते अधिकारी टाळ्या संपेपर्यंत शांत उभे होते. मग म्हणाले, "भाषण चांगलं झालं. पण तुमच्या तळमजल्यावर तुम्ही कधी बघितलंय का?"

मी खाली बसलो. बघितलं नव्हतं.

परत आल्यावर बघायला लागलो. आपला मॅनेजर सयाजी आणि मी, दोघं. काही खटकलं तर दिल्लीला कळवायचं, असा नियम आहे. आणि ज्याचं खातं त्याला ते कळू द्यायचं नाही. परिपत्रकातलं वाक्य एवढंच आहे: ग्राहकाला कळवू नये. त्याला नाही, त्याच्या घरच्यांनाही नाही, कारण एकाला वास लागला की मागचे सगळे पसार होतात. सयाजीनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. "साहेब, बाकीचं जमंल, पण हे तुमास्नी जड जाणार. तुमचं तोंड म्हंजे मिलचा भोंगा."

आता आमच्या नावापुढं शून्य नाही. एवढंच लिहितो.

तुझ्या मल्लेशचं लग्न जमलं हे वाचलं. गडहिंग्लजची मुलगी, बी.कॉम. झालेली. सौंदर्या हे नावही चांगलं आहे. साखरपुड्याला यायला मला जमणार नाही. बँकेत तपासणी आहे.

तुमच्या काजू कारखान्याचा बॉयलर दुरुस्त झाला आणि काजू फोडणाऱ्या बायका पुन्हा कामावर आल्या, असं तू लिहिलंस. त्याच्यावर मी इथं खाली एक प्रश्न लिहिला होता, तो खोडला आहे. कागद उजेडात धरून वाचत बसू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

दाजींना नमस्कार.

तुझा,
शिवा


कोल्हापूर,
२५ ऑक्टोबर २००९

ती. अक्का,
शरणार्थ.

भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू दोन पानं शिव्या लिहिल्यास, त्या सगळ्या वाचल्या. "दिल्लीला मंत्री व्हायला निघालाईस काय" ही त्यातल्या त्यात बरी होती. ताट वाढून ठेवलं होतंस, हे लिहिलं नसतंस तर चाललं असतं.

तब्येत ठीक आहे. रक्तदाब तपासला, नेहमीचाच आहे.

गेल्या आठवड्यात मल्लेश बँकेत आला होता. तुला बोलला असेल. नवा शर्ट, केसाला तेल, आल्या आल्या पाया पडला. लग्नाची पत्रिका कशी छापायची ते विचारायला आलो म्हणाला. माझं नाव निमंत्रकांत वर घालायचं, खाली नाही, असं दाजींचं म्हणणं आहे.

मग म्हणाला, "मामा, तुमच्या बँकेतली पोरं मला सारखी फोन करून काय विचारत्यात? पैसं कशाचं, पैसं कशाचं."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"काजूचं हाय म्हणून सांगितलं. थोडं बेळगावच्या दोस्ताचं हायत. तालमीत एकत्र होतो आमी. त्याच्या खात्याचा कायतर घोळ झालाय, तवर माझ्यात घालतो आणि काढून नेतो. आता दोस्ताला काय न्हाय म्हणायचं?"

मी बेल वाजवून चहा मागवला. साखर किती, असं त्याला विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्या चहात साखर किती असते हे मला माहीत नव्हतं. तो दोन चमचे म्हणाला. दोन चमचे घातली. तो चहा पिऊन होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत बसलो होतो.

जाताना म्हणाला, "लग्नात तुम्ही बोलायचं हं मामा. पण धाच मिंटं. मागच्या खेपंला सयाजीकाकांच्या पोरीच्या लग्नात भात गार झालता."

मला हसू आलं नाही. यायला हवं होतं.

हल्ली बोलायचं मन होत नाही. दोन व्याख्यानमालांना नकार कळवला. वाचायलाही बसतो, पानं उलटतात, आत काही जात नाही. सहकारावरची ती जाड इंग्रजी पुस्तकं, ज्यांच्यासाठी तू मला तुझ्या बांगडीचे पैसे दिले होतेस, त्यांच्यावर सयाजी परवा डबा ठेवून जेवला. मी काही बोललो नाही. त्यालाच चमत्कारिक वाटलं.

सौंदर्याच्या घरच्यांना लग्नाची घाई आहे का, मुलगी नोकरी बघणार होती ना, असं मी दाजींना फोनवर विचारलं. तारीख उन्हाळ्यापर्यंत लांबवली तर काय होईल? त्यांनी कारण विचारलं. मी थंडीचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "शिवा, लगीन हाय, शाळेची सहल न्हवं."

बरोबर आहे त्यांचं.

तुझा,
शिवा


कोल्हापूर,
२० डिसेंबर २००९

ती. अक्का,
शरणार्थ.

मुंबईला जाऊन आलो. परीक्षा घेणारी माणसं आली होती. लहान सहकारी बँकांच्या वतीनं दोघा-चौघांना बसवलं होतं, त्यात मी. मागं कोल्हापूरला आलेले ते अधिकारी माझ्याशेजारी होते. समोर पाच-सहा जण. मधली बाई साधारण तुझ्या वयाची, पांढरे केस बारीक कापलेले. ती कुठल्या देशाची ते विचारायचं राहिलं.

दुभाषा होता. मी मराठीतूनच बोललो.

तिनं विचारलं, तुमच्या बँकेत खातेदाराची माहिती कशी ठेवता? मी कागदपत्रं सांगितली. मग म्हणाली, ती कागदपत्रं सगळेच दाखवतात. तुम्हाला स्वतःला खातेदाराबद्दल काय माहीत असतं? मी म्हणालो, बाई, आमच्याकडं खातेदाराच्या घरी म्हैस कधी व्याली तेही माहीत असतं. दुभाष्याला म्हैस सांगायला जरा वेळ लागला. ते सगळे हसले.

ती हसली नाही. तिनं विचारलं, "मग अगदी ओळखीचा माणूस निघाला, तरी तुम्ही कळवता?"

"कळवतो."

"आणि त्याला सांगत नाही?"

"नाही."

"भेटतो तरी?"

"भेटतो. चहा पिऊन जातो."

तिनं ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न शेजारच्याला गेला. बाहेर आल्यावर आमच्या अधिकाऱ्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "शेटेसाहेब, आज तुम्ही देशाला मार्क मिळवून दिलेत." मी बराच वेळ त्यांच्या हातात हात ठेवून उभा होतो. काही वाटलं नाही, अक्का. आनंद नाही, वाईटही नाही. चाळीस वर्षं सभा गाजवल्या, पण देशाच्या कामाला माझं बोलणं आलं ते हे, एवढंच. समोर समुद्र होता. तोही बघितला.

लग्नाची तारीख सात फेब्रुवारी पक्की झाली, असं तू लिहिलंस. मी येणार. आधी दोनदा चुकवलं, आता चुकवायला कारण नाही. सौंदर्यासाठी साडी तूच घे, मला त्यातलं कळत नाही. पैसे मी देईन.

भाषणाचं मात्र मल्लेशला सांग, त्यानं माझ्यावर विसंबून बसू नये.

शिवा


कोल्हापूर,
९ मे २०१०

ती. अक्का,

दाजींनी तुझी चिठ्ठी आणून दिली. ते आत आले नाहीत. अजून लंगडतात, तरी जिना चढून दारापर्यंत आले, चिठ्ठी दिली आणि "वाच" एवढंच म्हणून उतरले. मी खिडकीतून बघितलं. ते रिक्षा स्टँडवर बराच वेळ उभे होते.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. एक विचारली आहेस आणि एक मागितली आहेस.

पहिली आधी. लग्नात अक्षता टाकताना मला माहीत होतं का, असं तू विचारतेस.

होय. माहीत होतं. ऑगस्टपासून माहीत होतं. दिल्लीला कळवलं ते मीच. मल्लेशचं खातं हेच आमच्या बँकेनं कळवलेलं पहिलं खातं.

कसं झालं ते सांगतो. सयाजीनं मल्लेशच्या खात्याचा उतारा आणून माझ्यापुढं ठेवला. थोडी थोडी करून रोकड येत होती आणि लगेच काढली जात होती. तो म्हणाला, "साहेब, काजूचं असंल की. भाचा हाय तुमचा. ठेवू का बाजूला?" तो खरंच बाजूला ठेवायला तयार होता. उताऱ्यावर महिने बघितले. जून, जुलै. आणि मला तुझं घर आठवलं. दाजींच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा जुलैमध्ये मी आलो होतो. तू मला वाढत होतीस आणि सांगत होतीस, बिया उकडायचा बॉयलर फुटलाय, जूनपासून कारखान्याला कुलूप आहे, बायका घरी बसल्यात, रुपयाचा माल बाहेर गेलेला नाही. जेवून झाल्यावर मी स्वतः जाऊन ते कुलूप बघितलं. शेडमध्ये राखेचा ढीग होता, त्याच्यावर कुत्रं झोपलं होतं.

उतारा कुणीही वाचला असता. कारखाना बंद आहे हे बँकेत फक्त मला माहीत होतं, आणि ते तू मला जेवताना सांगितलं होतंस. संशयाचं कारण लिहायची जी जागा असते तिथं मी तेच लिहायला सांगितलं. तुझं नाव नाही लिहिलं. सयाजीला म्हणालो, "पाठव."

आमच्या नावापुढचं शून्य मला टोचत होतं म्हणून मी पाठवलं, की पाठवायलाच हवं होतं म्हणून, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. सभेत कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं. इथं येत नाही.

लग्नात मी तुझ्या मागेच उभा होतो. मल्लेशनं माइक माझ्या हातात दिला तेव्हा मी दोन वाक्यं बोललो. जेवून जा, आणि पोरांना आशीर्वाद द्या. लोकांना वाटलं घसा बसलाय. सौंदर्याचे वडील नंतर मला म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं घरात हायत म्हणून तर आमी डोळं झाकून पोरगी दिली." मी त्यांना पान दिलं. त्या वेळी मी त्यांना बाजूला घेऊन एक वाक्य बोललो असतो तर ती मुलगी आज तिच्या माहेरी असती. तू त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस, म्हणून मी लिहितो.

मार्चमध्ये पोलीस आजऱ्याला येऊन मल्लेशला घेऊन गेले ते तू पाहिलंसच. स्टँडवर लोक अतिरेक्यांचे पैसे म्हणत होते. तसं काही नव्हतं. बेळगावच्या त्या दोस्तानं दामदुप्पट योजना काढली होती आणि लोकांना लुबाडलं होतं. मल्लेशला त्यातून थोडंसं मिळालं, ते त्यानं बॉयलरला घातलं. आपल्याकडं माणूस दोस्ताला टेम्पो देतो, पाण्याची मोटर देतो, तसं त्यानं खातं दिलं. त्याला ते वेगळं वाटलंच नाही. हे मी जिथं म्हणून विचारतील तिथं सांगणार आहे.

त्या योजनेत आपल्या बँकेच्या खातेदार शालूबाईंनी लोणची विकून साठवलेलं सगळं घातलं होतं. आमच्या बँकेतून काढून नेऊन घातलं. हल्ली त्या पायरीवर येऊन बसतात, पैसे मागत नाहीत, नुसत्या बसतात. मी जाता-येता नमस्कार करतो.

गेल्या सोमवारी मी कळंब्याच्या तुरुंगात मल्लेशला भेटलो. तुला त्यानं सांगितलं नसेल. जाळीच्या पलीकडं उभा होता, वजन उतरलंय. मला बघून आधी हसला. मग म्हणाला, "मामा, एक फोन केला असता तर मी थांबलो असतो की."

मी म्हणालो, "थांबला असतास."

"मग?"

तलावाकडून वारा येत होता, शेजारची बाई आपल्या नवऱ्याला म्हशीच्या दुधाचा हिशेब ओरडून सांगत होती. वेळ संपली. तो म्हणाला, "आईला म्हणावं, पाठीचं औषध खात जा." तेवढं तुला पोचवतो.

त्याचं बोलणं बरोबर आहे. तो थांबला असता, त्यानं दोस्ताला सांगितलं असतं, दोस्त पैसे घेऊन गोव्याच्या बाजूला गेला असता. थोडे पैसे पकडले गेले ते मल्लेश थांबला नाही म्हणून. त्यातून शालूबाईंना काही मिळेल की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. हे सगळं मी चोख मांडू शकतो. जाळीपुढं मांडता आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी मला पोलिसांपुढं जबाबाला बोलावलं आहे. तू लिहिलंस, "जुलैत कारखाना चालू होता, तू डोळ्यानं बघितलास, एवढंच म्हण. पैसा काजूचाच ठरंल. वकील म्हणतात जामीन होईल. आयुष्यभर गावासाठी बोललास, आता एक वाक्य माझ्यासाठी बोल. न्हायतर मला भाऊ न्हाय असं मी समजंन."

अक्का, मी ते वाक्य काल मोठ्यानं बोलून बघितलं. खोलीत एकटाच होतो. जीभ अडखळली नाही. मला वाटलं होतं अडखळेल. सवयीचं तोंड आहे, काहीही बोलतं. उलट तेच ऐकून मी कॉटवर बसलो, आणि चहा करायलाही उठलो नाही.

मी ते बोलणार नाही.

मंगळवारी मी सांगणार की कारखान्याला कुलूप होतं. मी सांगणार की ते मी माझ्या बहिणीच्या घरी जेवायला गेलो असताना बघितलं. त्याच्यापुढं हेही सांगणार की त्या पोराला काय चाललंय हे पुरतं कळलं नव्हतं, आणि बँकेतून फोन गेल्यावर त्यानं दोस्ताचं लपवून ठेवलं नाही. माझ्यापुढं सांगितलं आणि मी त्याला चहा पाजून पाठवून दिलं. लिहून घेणारा यातलं किती लिहून घेईल ते माहीत नाही. मी सही करण्याआधी वाचायला मागेन.

मला माहीत आहे की यातून जामीन लांबेल. तू भाऊ नाही असं समजशील, हेही धरून चाललो आहे. तुला समजावण्यासाठी हे लिहीत नाही. समजावण्याचे सगळे प्रकार मला येतात आणि त्यातला एकही तुझ्यावर वापरायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे. आपल्या दोघांत आता काय उरलं ते तू ठरव. मला विचारलंस तर मला आतून काही ऐकू येत नाही. कळ येईल असं वाटतं, अजून आलेली नाही.

सौंदर्या परवा आली होती. बसली नाही. म्हणाली, "मामा, बायकांची मजुरी थकलीय, बियांची ऑर्डर कुणाच्या नावावर घेऊ?" मी म्हणालो, तुझ्या. खात्याला लागणारे कागद तिला लिहून दिले. ते घेऊन तिनं दोनदा वाचले आणि मला विचारलं, "ह्यात पुढं कोण काय कळवणार न्हाय ना?" मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, खटकलं तर कळवतील, आणि तुला सांगणार नाहीत. तिनं मान हलवली आणि कागद पिशवीत घातला.

कळंब्याला भेटीला येशील तेव्हा मुक्काम कुठं करायचा ते तूच बघ. माझ्याकडची किल्ली सयाजीपाशी ठेवली आहे. मी घरात नको असलो तर तसं त्याला सांग, मी बँकेत झोपेन.

मंगळवारी जबाबाखाली जे नाव लिहिणार, तेच इथं लिहितो.

शिवकुमार चन्नाप्पा शेटे